अमेरिकेचा निकाल इथून बघायचा असेल तर (पहिल्यांदाच बघणाऱ्यांसाठी)

दर चार वर्षांनी नोव्हेंबरात आमच्या फॅमिली ग्रुपवर तोच गोंधळ असतो. सकाळी आठला कोणीतरी टाकतं "लीड घेतला", दहाला दुसरं कोणीतरी "संपलं, गेला हा", दुपारी जेवताना परत "थांबा थांबा, गॅप कमी होतोय", आणि संध्याकाळी आत्याचा एकच मेसेज, "अरे मग निवडून कोण आलं ते कोणीतरी एकाने नीट सांगा." मी पण यातलाच होतो. २०१६ ला तर मी मंगळवारी संध्याकाळीच, म्हणजे तिकडे लोक अजून मतदानाच्या रांगेत उभे असताना, हिलरी क्लिंटनच येणार म्हणून ऑफिसात मिसळीची पैज लावून मोकळा झालो होतो. बुधवारी दुपारी एकच्या सुमारास ट्रम्प आले आणि गुरुवारी अकरा जणांची मिसळ माझ्या खिशातून गेली, एक्स्ट्रा पाव धरून.

तेव्हापासून जरा नीट बघायला शिकलो, आणि दर वेळी तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. कोण यावं कोण येऊ नये हे इथे नाहीये, ते ज्याचं त्याने बघावं. निकाल लागत असताना स्क्रीनवर जे आकडे नाचतात ते वाचायचे कसे, एवढंच.

आधी तारीख आणि गजर

मतदान नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी असतं, हे १८४५ च्या कायद्यापासून चालत आलंय. "पहिला मंगळवार" असं म्हणू नका, १ तारखेलाच मंगळवार आला तर मतदान ८ ला जातं, २०१६ ला तसंच झालं होतं. पुढची अध्यक्षपदाची निवडणूक ७ नोव्हेंबर २०२८ ला. मधली, जिला मिडटर्म म्हणतात, ती ३ नोव्हेंबर २०२६ ची, तिच्यात अध्यक्ष निवडत नाहीत पण मतमोजणीचं खालचं बरंचसं लागू होतं.

आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे मंगळवार तुमच्या कामाचा नाही, बुधवार आहे. तिकडे घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे जातात, ती गेली की न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे. (२०२८ ला ती ५ तारखेला, म्हणजे मतदानाच्या आधीच, मागे गेलेली असतील.) म्हणजे पहिली मतदान केंद्रं, इंडियाना आणि केंटकीच्या काही भागातली, तिकडे संध्याकाळी सहाला बंद होतात तेव्हा आपल्याकडे बुधवारचे पहाटेचे साडेचार. या साडेचारला उठायची अजिबात गरज नाही. मी २०२० ला उठलो होतो, चहा केला, शाल गुंडाळून बसलो आणि तासभर केंटकीतल्या कुठल्या कुठल्या गावांचे आकडे बघितले ज्यांनी कोणाचंच काही ठरणार नव्हतं. सहाला उठा, पुष्कळ झालं.

वहीत तीन रकाने

आता मूळ गणित, हे कळलं नाही तर पुढचं सगळं व्यर्थ आहे. अमेरिकेत देशभरची मतं एकत्र करून अध्यक्ष ठरत नाही. प्रत्येक राज्याला ठरावीक इलेक्टोरल मतं असतात, एकूण ५३८, आणि ज्याला २७० मिळाली तो आला. ५३८ कुठून आले तर ४३५ हाऊसच्या (त्यांची लोकसभा) जागा, १०० सिनेटच्या (त्यांचं वरचं सभागृह) आणि ३ राजधानी वॉशिंग्टन डीसीची. कॅलिफोर्नियाची ५४, टेक्सासची ४०, फ्लोरिडाची ३०, आणि छोट्या राज्यांची तीन तीन. राज्य एका मताने जिंकलं काय किंवा वीस लाखांनी जिंकलं काय, तिथली सगळी इलेक्टोरल मतं एकालाच. अपवाद दोनच, मेन आणि नेब्रास्का, तिथे काही मतं जिल्ह्यावार वाटली जातात (जिल्हा म्हणजे त्यांचा खासदारकीचा मतदारसंघ, आपला कलेक्टरवाला जिल्हा नाही).

म्हणूनच २०१६ ला क्लिंटनना देशभरात २८ लाखांहून जास्त मतं अधिक पडूनही त्या हरल्या. त्यामुळे स्क्रीनच्या खाली देशाच्या एकूण मतांचा आकडा येत असतो ना, तो रात्रभर बघूच नका, बोटाने झाका हवं तर.

मी काय करतो तर पोराची जुनी शंभरपानी वही घेतो आणि तीन रकाने आखतो. डावीकडे एकाची पक्की राज्यं, उजवीकडे दुसऱ्याची पक्की, मधे काठावरची. पन्नासपैकी चाळीसच्या वर राज्यांचा निकाल आधीच माहीत असतो, मॅसॅच्युसेट्स काय करणार किंवा वायोमिंग काय करणार यासाठी कोणी जागत नाही. २०२४ ला माझ्या मधल्या रकान्यात सात राज्यं होती. पेनसिल्व्हेनिया १९, जॉर्जिया १६, नॉर्थ कॅरोलिना १६, मिशिगन १५, अॅरिझोना ११, विस्कॉन्सिन १०, नेवाडा ६. बेरीज ९३. डावीकडे कमला हॅरिस (डेमोक्रॅट पक्ष) २२६, उजवीकडे ट्रम्प (रिपब्लिकन पक्ष) २१९.

आता मजा बघा. हॅरिसना २७० ला ४४ कमी, आणि पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन मिळून बरोब्बर ४४. ट्रम्पना ५१ कमी, आणि पेनसिल्व्हेनिया, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना मिळून बरोब्बर ५१. दोघांचाही सोपा रस्ता नेमका २७० वर पोचत होता आणि दोन्ही रस्ते पेनसिल्व्हेनियातूनच जात होते. एवढं एक पान आदल्या दिवशी भरलेलं असेल ना तर सकाळी टीव्हीवर कितीही आरडाओरडा होऊ दे, तुम्हाला कळतं की आत्ता खरी बातमी कुठली आणि भरताड कुठलं. हॅरिसच्या त्या २२६ मधलं एक मत नेब्रास्कातल्या ओमाहा शहराच्या जिल्ह्याचं होतं, ते गेलं असतं तर त्या रस्त्याने २६९-२६९ झालं असतं. त्या एका मतासाठी दोन्ही पक्ष ओमाहात जाऊन जाऊन जोर लावत होते ते उगाच नाही.

२०२८ ला राज्यांची मतं हीच राहतील, कारण ती दहा वर्षांनी जनगणनेनंतर बदलतात. काठावरची राज्यं मात्र तेव्हाची तेव्हा बघून घ्या, एके काळी फ्लोरिडा आणि ओहायो मधल्या रकान्यात असायचे, आता नसतात.

पोल बघा, पण त्यावर पैज लावू नका

मिसळीचा विषय वर झालाच आहे. पोलमध्ये, म्हणजे मतदानाआधीच्या जनमत चाचणीत, "अमुक २ टक्क्यांनी पुढे" असं असेल आणि खाली एरर (चुकायची शक्यता) ३-४ टक्के लिहिलेली असेल तर त्याचा अर्थ एवढाच की सांगता येत नाही. एकाच पोलवर उड्या मारू नका. २०२४ ला मतदानाच्या दोनतीन दिवस आधी आयोवातल्या एका फार नाव असलेल्या सर्व्हेत हॅरिस ३ टक्क्यांनी पुढे आल्या, सगळीकडे तेच, माझ्या मावसभावाने न्यू जर्सीहून रात्री फोन करून सांगितलं, "दादा, लाट आहे लाट!" निकालात ट्रम्प आयोवा १३ टक्क्यांनी जिंकले. (मावसभाऊ ग्रीन कार्डवर आहे, त्यामुळे त्याला मत नाही, मतं मात्र भरपूर.)

दुसरं म्हणजे पोल चुकतात तेव्हा बहुतेक सगळ्या सारख्या राज्यांत एकाच बाजूला चुकतात. त्यामुळे "सात राज्यं काठावर" याचा अर्थ "चार-तीन असं वाटून जाईल" असा होत नाही, २०२४ ला सातच्या सात ट्रम्पनी घेतली. आणि ते सट्ट्याचे भाव दाखवणारे साइट असतात त्यांच्याकडे गंमत म्हणून बघा फार तर, पैसे लावायच्या भानगडीत पडू नका.

बुधवार सकाळचं टाइमटेबल

२०२४ चं सांगतो, साधारण असंच असतं, आधी एकदा चेक करा. आपल्या साडेपाचला जॉर्जिया बंद, सहाला नॉर्थ कॅरोलिना, साडेसहाला पेनसिल्व्हेनिया, साडेसातला विस्कॉन्सिन आणि अॅरिझोना, तोपर्यंत मिशिगन पण पूर्ण बंद, साडेआठला नेवाडा, साडेनवाला कॅलिफोर्निया. अलास्काचं शेवटचं टोक साडेअकराला.

नवीन माणूस इथेच पहिल्यांदा चक्रावतो, कारण केंद्र बंद झाल्याच्या मिनिटाला काही राज्यं डिक्लेअर होतात, एक मतसुद्धा मोजलेलं नसताना. यात काही घोटाळा नाही. ती पक्की राज्यं असतात, मतदारांचे मोठे सर्व्हे आणि मागचा इतिहास बघून निकाल सांगणाऱ्या चॅनलना खात्री असते. काठावरच्या राज्यात असं कोणी करत नाही.

ऑफिस असेल तर सकाळी सहा ते साडेआठ बघा आणि मग सरळ कामाला जा, परत साडेबारानंतर. मधल्या वेळात दर पाच मिनिटांनी फोन बघून काही होत नाही, लोकलमध्ये स्टेशन तेवढं चुकतं.

फ्लोरिडा फार फास्ट मोजतं, ते पहिल्या तासा-दीड तासात बघून घ्या. तिथून राज्याचा निकाल कळतो ते सोडा, हवा कळते. आणि आता खरी युक्ती सांगतो. कुठलाही आकडा बघाल तेव्हा कोण पुढे आहे हे नंतर बघा, आधी त्याच ठिकाणी मागच्या वेळी काय होतं ते बघा. २०२४ ला व्हर्जिनियातली लाउडन काउंटी लवकर मोजून झाली. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्हा-तालुक्यासारखं, अशा तीन हजारांच्या वर आहेत. वॉशिंग्टनच्या बाहेरचा हा भाग, आयटीवाल्यांचा, आपले लोक पण पुष्कळ. तिथे हॅरिस चांगल्या १६ टक्क्यांनी पुढे होत्या, वरवर बघणारा म्हणेल झकास. पण २०२० ला बायडन तिथे २५ टक्क्यांनी पुढे होते. जिंकलेल्या ठिकाणी नऊ टक्के कमी झाले म्हणजे काठावर काय होणार हे साडेसहा-सातलाच दिसायला लागलं होतं. मी ग्रुपवर लिहिलं तर कोणी विश्वास ठेवला नाही. न्यू जर्सीचं पण तसंच, १६ चे ६ झाले, मावसभावाच्या स्वतःच्या अंगणात!

म्हणून वहीत काठावरच्या राज्यांतल्या एकदोन काउंट्या मागच्या आकड्यांसकट लिहून ठेवा. पेनसिल्व्हेनियातली एरी माझी लाडकी, २०१२ ला ओबामा, २०१६ ला ट्रम्प, २०२० ला बायडन, २०२४ ला परत ट्रम्प, प्रत्येक वेळी राज्यासारखंच मत.

कुठली मतं आधी मोजली

सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतात, म्हणून इथे जरा थांबतो. आपल्याकडे मतमोजणी एका दिवशी, देशभर एका आयोगाखाली, आधी टपाली मतं आणि मग ईव्हीएमच्या फेऱ्या, पंधरावी फेरी सोळावी फेरी, दुपारपर्यंत गुलाल. तिकडे देशाचा असा एक निवडणूक आयोग मतं मोजतच नाही. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, मोजणी काउंटी नाहीतर गावपातळीवर, आणि मतं तीन प्रकारची: पोस्टाने आलेली, आधीच जाऊन टाकलेली आणि त्या दिवशीची. कुठल्या राज्यात यातलं काय आधी मोजतात त्यावर सकाळचा लीड ठरतो.

२०२० चं पेनसिल्व्हेनिया घ्या. तिथे पोस्टाची पाकिटं मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आधी उघडताच येत नाहीत. कोविडचं वर्ष, पाकिटांचा ढीग, आणि पोस्टाने मत देणारे बहुतेक डेमोक्रॅट, म्हणजे बायडनच्या पक्षाचे, कारण ट्रम्पनी आपल्या लोकांना पोस्टाने मत देऊ नका असंच सांगितलं होतं. त्यामुळे आधी त्या दिवशीची मतं मोजून झाली आणि ट्रम्प सहा लाखांहून जास्त मतांनी पुढे दिसायला लागले. मग तीन दिवस पाकिटं उघडत राहिली, लीड वितळत वितळत गेला आणि शेवटी बायडन साधारण ८० हजारांनी जिंकले. मत कोणी बदललं नाही, सगळी मतं मंगळवारी रात्रीच पेटीत नाहीतर पाकिटात होती, फक्त वाचायचा क्रम तसा होता. पण ज्याला क्रम माहीत नाही त्याला वाटणारच की काहीतरी काळंबेरं आहे.

अॅरिझोनात नेमकं उलटं. तिथे आधी आलेली पोस्टाची मतं आधीच मोजून तयार असतात, केंद्र बंद झाल्यावर पहिला मोठा आकडा तोच येतो. २०२० ला बायडन सुरुवातीला बरेच पुढे होते आणि मग दिवसेंदिवस लीड कमी होत होत १०,४५७ वर आला. एका मोठ्या चॅनलने मतदानाच्या रात्रीच अॅरिझोना बायडनना देऊन टाकलं होतं, एपी या न्यूज एजन्सीने थोड्या तासांनी, बाकीच्या चॅनलनी आठवडाभर दम धरला. घाई करणाऱ्यांचं बरोबर निघालं, पण निसटतं.

विस्कॉन्सिनमध्ये मिलवॉकी शहराची पोस्टाची मतं एका ठिकाणी मोजतात आणि रात्री उशिरा एकदम गठ्ठ्याने टाकतात. शहर डेमोक्रॅट, त्यामुळे ग्राफमध्ये एकदम उभी रेघ येते. आपल्या दुपारी ती रेघ लाल गोल करून व्हॉट्सअॅपवर फिरणार म्हणजे फिरणारच, "बघा कसे रातोरात वाढले". तुम्ही आधीच सांगून ठेवा की आज दुपारी मिलवॉकीचा गठ्ठा येणार आहे, मग तो आला की तुम्हाला ज्योतिषी समजतील.

आणि हा क्रम दर निवडणुकीला तसाच राहील असं धरू नका. मिशिगनने कायदा बदलून पाकिटं आधी उघडायला परवानगी दिली, २०२४ ला तिथे काम बरंच लवकर झालं. तोपर्यंत रिपब्लिकन लोक पण आधी मतं द्यायला लागले होते त्यामुळे २०२० सारखं चित्र दिसलंच नाही.

उरलेल्या मतांचं गणित

स्क्रीनवर "९० टक्के मोजून झाले" असं येतं. हा आकडा अंदाज असतो, एकूण मतं किती पडली असतील याचा, त्यामुळे तो कधी कधी मागेही जातो, ९२ चे ९०. घाबरू नका.

समजा एका राज्यात अंदाजे ५० लाख मतं आहेत, ४५ लाख मोजली, अ पुढे आहे १ लाखाने. उरली ५ लाख. ब ला बरोबरीत यायला त्या ५ लाखांतली ३ लाख पाहिजेत, अ ला २ लाख, म्हणजे उरलेल्यातली ६० टक्के. आता बघायचं की ही ५ लाख आहेत कुठे. फिलाडेल्फियासारख्या शहरात असतील, जिथे डेमोक्रॅटला ८० टक्क्यांच्या आसपास पडतात, आणि ब डेमोक्रॅट असेल, तर ब मागे असूनही आरामात जिंकतोय. तीच मतं खेडोपाडी पसरलेली असतील तर ब चा खेळ संपला, भले गॅप छोटा दिसत असेल. एवढंच गणित आहे, सातवीच्या पोराला जमतं, टीव्हीवरचा माणूस मोठ्या टचस्क्रीनवर बोटं फिरवून तेच करतो फक्त सूट घालून.

प्रत्येक काठावरच्या राज्याचं मोठं शहर कुठल्या काउंटीत आहे ते पाठ करा. जॉर्जियात अटलांटाची फुल्टन, मिशिगनमध्ये डेट्रॉइटची वेन, नेवाडात लास वेगासची क्लार्क, अॅरिझोनात फीनिक्सची मॅरिकोपा. मॅरिकोपा एकटीच राज्याच्या निम्म्याहून जास्त मतं देते, त्यामुळे अॅरिझोना बघायचं म्हणजे मॅरिकोपा बघायची. राज्याचे आकडे येतात त्याच पानावर काउंटीवर क्लिक केलं की किती बाकी आहेत ते दिसतं. एकच साइट धरून बसा, चार ठिकाणचे आकडे चार वेळेला अपडेट होतात आणि डोकं फिरतं.

मग जाहीर कोण करतं?

त्या रात्री सरकार काहीच जाहीर करत नाही. न्यूज एजन्सी असोसिएटेड प्रेस, म्हणजे एपी, १८४८ पासून मतांचे आकडे गोळा करून विजेता सांगत आलीय, आणि मोठ्या चॅनलांचे स्वतःचे डिसिजन डेस्क, म्हणजे कोण जिंकलं ते ठरवणाऱ्या टीम, असतात. एपीचा नियम सरळ आहे, मागे असलेल्याला पुढे यायचा काही रस्ताच उरला नाही अशी खात्री झाली की मगच नाव द्यायचं, "बहुतेक येईल" असलं काही नाही.

पण वेगवेगळे लोक वेगवेगळ्या वेळी बोलतात. ६ नोव्हेंबर २०२४ ची दुपार माझ्या वहीत आहे. पावणेदहाच्या सुमारास एपीने नॉर्थ कॅरोलिना ट्रम्पना दिलं, साडेअकराला जॉर्जिया, बाराच्या पुढे फॉक्स न्यूजने तर ट्रम्पना अध्यक्षच जाहीर केलं, एपीचं पेनसिल्व्हेनिया त्याच्या नंतर एकला आलं आणि एपीचा आकडा २६७ वर येऊन थांबला. थांबलाच! कारण अलास्काची ३ मतं अजून दिली नव्हती. सगळ्यांना माहीत होतं अलास्का कुठे जाणार पण एपीने वाट बघितली, शेवटी चारच्या सुमारास विस्कॉन्सिन आलं आणि २७७ झाले. त्या तीन-चार तासांत आपले चॅनल एकाच वेळी "ट्रम्प विजयी" आणि "ट्रम्प विजयाच्या उंबरठ्यावर" असं दोन्ही दाखवत होते, एकाने फॉक्सचं उचललं एकाने एपीचं. आत्याचा मेसेज नेमका तेव्हाच आला होता. मी लिहिलं, "आत्या, आलेत, पण अजून तीन मतांचा कागद यायचाय." तिने अंगठा दिला, समजलं का नाही देव जाणे.

हरणारा फोन करून अभिनंदन करतो ती प्रथा आहे, कायद्याने त्याला काही किंमत नाही. २०२० ला ट्रम्पनी हार मानली नाही तरी २० जानेवारी २०२१ ला शपथ बायडननीच घेतली. आणि फोन करून मागेही घेता येतो, ते २००० ला डेमोक्रॅट उमेदवार अल गोर यांनी केलं.

आणि निकाल नाहीच लागला तर

२००० ची ती फ्लोरिडाची गोष्ट माहीत पाहिजेच. चॅनलनी संध्याकाळी फ्लोरिडा गोर यांना दिलं, दोन तासांत परत घेतलं, मध्यरात्रीनंतर रिपब्लिकन उमेदवार जॉर्ज बुश यांना दिलं, गोर यांनी बुशना फोन करून अभिनंदन केलं, मग गॅप एकदम आटला आणि गोर यांनी दुसरा फोन करून सांगितलं की आधीचा फोन विसरा. चॅनलनी पण परत घेतलं. पुढे ३६ दिवस फेरमोजणी, कोर्ट, मतपत्रिकेला पडलेलं भोक पूर्ण पडलंय का कागदाचा तुकडा लटकतोय हे भिंगातून बघणारे लोक, आणि १२ डिसेंबरला सुप्रीम कोर्टाने फेरमोजणी थांबवली. फरक ५३७ मतं, जवळपास ६० लाखांतून. आपल्याला असं वाटतं की हे असं फक्त आपल्याकडे, पण २०२४ ला मुंबई वायव्यचा ४८ मतांचा निकाल बघितलेल्यांना गोर यांचं दुःख बरोब्बर कळेल.

अशी वेळ आली तर तीन गोष्टी बघायच्या. एक, फरक किती. पेनसिल्व्हेनियात अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तर फेरमोजणी आपोआप लागते, बाकी राज्यांचे नियम वेगळे. दोन, फेरमोजणीत सहसा शेकड्याने मतं हलतात, लाखाने नाही. जॉर्जियाने २०२० ला जवळपास ५० लाख मतपत्रिका हाताने मोजल्या, विजेता तोच राहिला आणि शेवटचा फरक ११,७७९. म्हणजे ५०० चा फरक असेल तर श्वास रोखून बघा, २० हजारांचा असेल तर जेवून घ्या. तीन, तारखा. डिसेंबरच्या मध्यावर इलेक्टर, म्हणजे ती इलेक्टोरल मतं प्रत्यक्ष देणारे लोक, आपापल्या राज्यात मतं देतात (२०२४ ला १७ तारखेला), ६ जानेवारीला काँग्रेस (त्यांची संसद, आपला पक्ष नाही) ती मोजते, २० ला शपथ. ६ जानेवारीच्या मोजणीला उपाध्यक्ष अध्यक्षस्थानी असतो, त्यामुळे २००१ ला गोर यांनी आणि २०२५ ला हॅरिस यांनी स्वतःच्याच हरलेल्या निवडणुकीचा निकाल वाचून दाखवला. काय वाटलं असेल!

२६९-२६९ झालं तर प्रकरण हाऊसकडे जातं, पण तिथे खासदारागणिक मत नाही, राज्यागणिक एक मत, २६ राज्यं पाहिजेत. कॅलिफोर्नियाला एक मत आणि वायोमिंगलाही एकच. अध्यक्षासाठी असं शेवटचं झालं १८२५ ला, त्यामुळे फार टेन्शन घेऊ नका, पण ग्रुपवर कोणीतरी विचारतंच.

खासदारांचं विसरू नका

अध्यक्ष ठरला की आपल्याकडे सगळे टीव्ही बंद करतात, पण हाऊसमध्ये २१८ चं बहुमत कोणाकडे यावर त्या अध्यक्षाचं पुढे काय चालणार हे ठरतं. तिथे आपला एक माणूस पण बघायला आहे, श्री ठाणेदार, बेळगावचे, मिशिगनच्या तेराव्या जिल्ह्यातून, म्हणजे डेट्रॉइटमधून, २०२३ पासून खासदार. त्यांच्यासारख्यांचा जिल्हा एकाच पक्षाचा पक्का असतो, तिथे खरी लढत नोव्हेंबरात नसतेच, ती ऑगस्टमध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत होऊन गेलेली असते, त्यामुळे ठाणेदारांचं बघायचं असेल तर गजर तेव्हाचा लावा.

काठावरच्या जिल्ह्यांचं मात्र लांबत जातं, मुख्य म्हणजे कॅलिफोर्नियात. २०२४ ला तिथे मतदानाच्या दिवसाचा शिक्का असलेलं पाकीट आठवडाभराने पोचलं तरी धरत होते, मग प्रत्येक सही जुळवायची, जुळली नाही तर मतदाराला कळवायचं. ट्रम्प ६ नोव्हेंबरला आले, हाऊसचं बहुमत रिपब्लिकनांकडे गेलं हे एपीने १३ ला सांगितलं आणि शेवटची जागा, कॅलिफोर्नियाचा तेरावा जिल्हा, ३ डिसेंबरला लागली. डेमोक्रॅट अॅडम ग्रे १८७ मतांनी. तोपर्यंत इकडे महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान होऊन, २३ नोव्हेंबरला निकाल लागून, मुख्यमंत्री कोण यावर आमच्या ग्रुपची नवीन भांडणं सुरू झाली होती. मी १८७ चा मेसेज टाकला, कोणी बघितला पण नाही. फक्त आत्याने विचारलं, "हा ग्रे कोण, शिंदेंचा का?"